पावसाआधीचं पुरुमेंत: गोव्यातले रस्ते आपत्तीत टिकावेत म्हणून पैसा कुठे, किती आणि कधी घालायचा

मे महिना आला की गोव्यातली घरं पुरुमेंत भरतात. सुकी सुंगटं, सोलं, मीठ, मिरची, उकडे तांदूळ. चार महिने दार उघडून बाजाराला जाता येईलच याची खात्री नसे, त्या काळापासूनची ही रीत. रस्त्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं वागतो. जूनमध्ये रस्त्याची कड वाहून जाते, जुलैत तिथे दगडमातीचे ट्रक रिकामे होतात, ऑगस्टात ‘चवथीआधी खड्डे बुजवू’ असं जाहीर होतं आणि पाऊस ओसरला की त्याच जागेवर हॉटमिक्सचा, म्हणजे गरम डांबर-खडीचा, गुळगुळीत थर पडतो. ज्या मोरीत, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेत, पाणी तुंबलं होतं ती मोरी तशीच राहते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

हा लेख पंच-सरपंचांसाठी, सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नव्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी आणि ग्रामसभेत रस्त्याचा प्रश्न मांडून कंटाळलेल्या नागरिकांसाठी आहे. एखाद्या तालुक्याच्या किंवा दोन-तीन पंचायतींच्या रस्त्यांसाठी पाच वर्षांची गुंतवणूक कशी आखावी, ते क्रमाने सांगतो. गणित आहे, पण आठवीच्या पलीकडचं नाही.

पहिली पायरी: आपल्यावर कोणकोणतं पाणी येतं ते वेगळं करा

‘पूर आला’ या दोन शब्दांत गोव्यातल्या किमान चार वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो, म्हणून आधी त्या सुट्या कराव्या लागतात.

एक, घाटातून उतरणारं नदीचं पाणी. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचं अंतर इतकं कमी की वाळपई-सांगेच्या डोंगरांवर पडलेलं पाणी काही तासांत खाली पोचतं. 23 जुलै 2021 रोजी म्हादई आणि खांडेपार नद्यांनी सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा या तालुक्यांत जे केलं ते या प्रकारातलं. याच गटात धरणातून सोडलेलं पाणीही धरा. तिळारीचं धरण महाराष्ट्रात, पण ऑगस्ट 2019 मध्ये त्याचं पाणी पेडणे-डिचोलीतल्या नदीकाठच्या वाड्यांनी अनुभवलं.

दोन, पाऊस आणि भरती एकत्र. पणजीत सांतिनेजचा नाला, म्हापशात तार नदी, मडगावजवळ साळ नदी. पाऊस फार नसला तरी नदीच्या तोंडाशी भरती असेल तर शहरातलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते. इथे मोठी गटारं बांधून उपयोग मर्यादित. भरतीच्या वेळा पाहून चालवायचे पंप आणि परतीचं पाणी अडवणारी दारं लागतात. भरती-ओहोटीचं कोष्टक वर्षभर आधी छापून मिळतं. त्यामुळे जून-जुलैच्या मोठ्या भरतीच्या तारखा मे महिन्यातच भिंतीवर लावून ठेवता येतात, आणि तरी त्या लावलेल्या मला क्वचितच दिसल्या आहेत.

तीन, दरड. चोर्ला, अनमोड, करमल हे घाट तर आहेतच, पण रस्ता रुंद करताना उभी कापलेली कुठलीही टेकडी यात येते.

चार, वारा. मे 2021 च्या तौक्ते वादळात कितीतरी रस्ते पाण्याने नव्हे, पडलेल्या झाडांनी आणि विजेच्या खांबांनी बंद पडले होते.

आणखी एक खूणगाठ: काणकोणातला प्रलय 2 ऑक्टोबर 2009 चा. पाऊस सरला असं धरून आपण वह्या मिटतो त्या दिवसांतला. तुमच्या नोंदी जून ते ऑक्टोबरअखेर चालू ठेवा.

दुसरी पायरी: कुठला दुवा तुटला तर काय तुटतं

या पायरीवर बहुतेक आराखडे घसरतात. रस्त्याची अवस्था सगळे तपासतात, पण तो रस्ता जाळ्यात कुठे बसतो हे फार थोडे पाहतात.

मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांनी गोव्याचे उत्तर, मधला आणि दक्षिण असे तुकडे पाडले आहेत. जुलै 1986 मध्ये पणजीचा मांडवी पूल कोसळला तेव्हा तो रस्त्याचा एक भाग कोसळला नव्हता, बार्देश आणि तिसवाडी यांच्यातला रोजचा व्यवहार कोसळला होता. फेरीबोटींनी तो कसाबसा सांभाळला. आज तिथे एकाशेजारी एक पूल उभे आहेत, झुवारीवरही नवा पूल झाला. मात्र शेजारी-शेजारी उभे असलेले पूल गर्दीला पर्याय असतात, आपत्तीला नेहमीच असतील असं नाही, कारण त्यांना जाऊन मिळणारे रस्ते तेच असतात. झुवारीला खरा पर्याय बोरीचा, मांडवीला आमोणे-खांडोळ्याचा. म्हणून बोरीकडे किंवा आमोण्याकडे जाणारा रस्ता ‘दुय्यम’ म्हणून यादीत खाली ढकलू नका. तो मुख्य रस्त्याचा विमा आहे.

आता हा प्रयोग आपल्या भागापुरता करा. तालुक्याचा नकाशा मोठ्या कागदावर काढा. संगणक येत असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा पुरतो. त्यावर शाळा, आरोग्य केंद्र, अग्निशमन केंद्र, स्वस्त धान्य दुकान, वीज उपकेंद्र, पाणी शुद्धीकरण प्रकल्प मांडा. मग एकेका रस्त्यावर बोट ठेवून विचारा: हा गेला तर कुणाला किती वळसा पडतो? कुणाला वाटच उरत नाही?

उत्तरं अनपेक्षित येतात. करमल घाट बंद झाला तर काणकोणकरांना आगोंद-खोला-बेतूलच्या किनारी रस्त्याने जावं लागतं. वळणावळणाच्या त्या रस्त्यावरून बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला, निघालेल्या रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल, हा काणकोणच्या आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. दिवाडीला फेरीबोट हाच रस्ता, त्यामुळे तिथे धक्का आणि उताराची लादी हीच ‘रस्त्याची’ गुंतवणूक. तेरेखोलला जायचं तर केरीची फेरी, नाहीतर महाराष्ट्रातून आरोंद्यामार्गे. चोर्ला आणि अनमोड एकाच वेळी बंद पडले तर दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात भाजीचे दर वाढतात, कारण बेळगावचा माल मुख्यतः त्या दोन वाटांनी येतो.

प्रत्येक दुव्याला तीनपैकी एक शेरा द्या. ‘पर्याय नाही’, ‘पर्याय आहे पण लांबचा किंवा तोही पाण्यात जाणारा’, ‘पर्याय आहे’. मधला शेरा फसवा असतो. दोन्ही रस्ते एकाच ओहोळाला दोन ठिकाणी ओलांडत असतील तर पर्याय कागदावरच आहे.

तिसरी पायरी: मोऱ्यांची वही

आता पायी चाला. गाडीतून मोरी दिसत नाही. दोघं जण, एक टेप, एक काठी, मोबाईल आणि शंभर पानी वही. शक्यतो एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा भर पावसात. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणचे विद्यार्थी अशा कामाला मिळाले तर त्यांनाही शिकायला मिळतं.

प्रत्येक मोरीला क्रमांक द्या आणि कठड्यावर रंगवा. नोंदवायचं ते एवढं: जागा, प्रकार (पाईप, चौकोनी, चिऱ्यांची कमान किंवा साकव, म्हणजे ओहोळावरचा लहान पूल), आतली उंची-रुंदी, किती भाग गाळाने भरला आहे, तोंडाशी काय अडकलं आहे, खालच्या बाजूला पाणी पडून खड्डा झाला आहे का, पाया उघडा दिसतो का, पुढे पाणी कुणाच्या जमिनीतून जातं. शेवटची नोंद सगळ्यांत मोलाची. मोरी मोठी केली आणि पुढे कुणाच्या कुंपणाच्या भिंतीत नऊ इंचाचं भोक असेल तर पैसे मोरीत नव्हे, पाण्यात गेले.

मग पूररेषा. सरकारी नोंदी पाहाच, पण वाडीवर जाऊन विचाराही. एका नदीकाठच्या वाडीत आम्ही यंत्र लावून पातळी घेत होतो. एक आजोबा बसून बघत होते. बऱ्याच वेळाने उठले आणि काठी तुळशीवृंदावनाच्या वरच्या कंगोऱ्याला टेकवून म्हणाले, “हंगासर आयिल्लें.” म्हणजे पाणी इथपर्यंत आलं होतं. आमच्या आराखड्यातली पूरपातळी त्याच्यापेक्षा हातभर खाली होती. रेखांकन बदलावं लागलं. असं काही सापडलं की तारीख, जागा आणि उंची लिहा, फोटो घ्या, आणि त्या खुणेवर रंगाची रेघ मारून ठेवा. अशा दहा खुणा मिळाल्या की तुमच्या हातात कुठल्याही सल्लागार कंपनीकडे नसलेली माहिती असते.

खाणपट्ट्यात, म्हणजे डिचोली, सांगे, केपे भागात, खाणींच्या टाकाऊ मातीचे ढीग कुठल्या ओहोळाच्या वर आहेत तेही टिपा. तिथली मोरी आकाराने पुरेशी असली तरी एका पावसात लाल गाळाने बुजू शकते. मोठी मोरी बांधण्याआधी वर गाळ अडवणारे खड्डे लागतील.

चौथी पायरी: मोरीचा आकार पावसाला विचारा

साधं सूत्र आहे. ओहोळाचं पाणलोट हेक्टरमध्ये, गुणिले पावसाचा ताशी जोर मिलिमीटरमध्ये, गुणिले वाहून जाण्याचं प्रमाण, भागिले 360. उत्तर येतं सेकंदाला इतके घनमीटर. लहान पाणलोटाला हे पुरतं. मोठ्या नदीच्या पुलाला जलशास्त्राचा वेगळा अभ्यास लागतो.

समजा टेकडीचा उतार 60 हेक्टर आहे आणि जोराची सर ताशी 100 मिलिमीटरची. झाडी असताना प्रमाण 0.4 धरलं तर सेकंदाला 6.7 घनमीटर पाणी येईल. तीच टेकडी कापून भूखंड पाडले, अंगणं फरशीची झाली, प्रमाण 0.6 झालं, तर 10 घनमीटर. पाऊस तोच, ढग तेच. म्हणून नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या 17-अ कलमाखालच्या टेकडी-कापणीच्या परवानग्या हा रस्त्याच्या आराखड्याचाच विषय आहे. वर काय होऊ घातलंय हे न विचारता खाली मोरी बांधू नका.

या 10 घनमीटरसमोर आपल्याकडे सर्रास दिसणारा 600 मिलिमीटरचा पाईप काय करतो? एक टक्क्याच्या उतारावर तो तुडुंब वाहिला तरी 0.6 घनमीटर. बाकी सगळं रस्त्यावरून. व्यास दुप्पट, म्हणजे 1200 केला, तर वहनक्षमता दुप्पट किंवा चौपट नव्हे, सहापटींहून थोडी जास्त होते. शिवाय त्यात माणूस वाकून शिरू शकतो, म्हणजे गाळ निघतो. आमच्या उदाहरणात मात्र तेही पुरत नाही. तिथे तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच अशी चौकोनी मोरी हवी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या एसपी-13 या मार्गदर्शिकेत लहान पूल-मोऱ्यांचं आणि एसपी-42 मध्ये रस्त्याच्या निचऱ्याचं तपशीलवार विवेचन आहे. अंदाजपत्रकात त्यांचा उल्लेख असलेला बरा, तांत्रिक मंजुरीला प्रश्न कमी येतात.

‘पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटलं की लोकांना वाटतं, आपल्या हयातीत एकदा. बांधकाम तीस वर्षं टिकायचं असेल तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 71 टक्के. पन्नास वर्षांच्या पुरासाठी 45 टक्के, शंभर वर्षांच्या पुरासाठी 26 टक्के. ज्या दुव्यांवर ‘पर्याय नाही’ असा शेरा आहे तिथे शंभरीच्या पुराचा हिशोब करा, शेतातल्या वाटेवर पंचविशीचा पुरे. सगळीकडे एकच निकष लावणं ही उधळपट्टीही आहे आणि निष्काळजीपणाही.

पाचवी पायरी: डोंगराची बाजू

जांभा वरून चिऱ्यासारखा टणक दिसतो, पण अनेक ठिकाणी त्याच्याखाली पिवळट-पांढरी मऊ चिकणमाती असते. भेगांतून पाणी आत जातं, त्या मातीच्या थराशी थांबतं, आणि वरचं जाड कवच त्या थरावरून सरकतं. उभ्या कापलेल्या कड्याखालची माती पावसाने खचली तर वरचा जांभा छतासारखा लोंबकळत राहतो आणि एके रात्री खाली येतो.

उपाय स्वस्तापासून महागाकडे जातात, आणि त्याच क्रमाने करायचे असतात. कड्याच्या वरच्या बाजूला पाणी अडवून बाजूला नेणारं गटार हा पहिला. मग उतार मंद करणं किंवा टप्पे पाडणं. मग खोल मुळांची झाडझुडपं आणि जाळी. भिंत सर्वांत शेवटी. आपल्याकडे गाडी थेट भिंतीवर जाते, कारण भिंत दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. वरच्या गटाराचं कोण करणार?

आणि भिंत बांधायचीच तर पाझरछिद्रं आणि मागे खडीचा थर यांवर एक पैसाही वाचवू नका. चार मीटर उंच भिंतीमागे वरपर्यंत पाणी साचलं तर दर धावत्या मीटरला नुसत्या पाण्याचाच रेटा सुमारे आठ टन येतो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट. जुलै 2024 मध्ये पेडण्यातल्या मालपे इथे महामार्गालगतची संरक्षक भिंत कोसळली, तेव्हा सगळ्या गोव्याने पाहिलं की नवं काँक्रीट म्हणजे सुरक्षित डोंगर नव्हे. पाहणीला जाल तेव्हा छिद्रांतून पाणी येतंय का ते भर पावसात बघा. कोरडी छिद्रं ही चांगली बातमी नसते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे उपलब्ध आहेत. ते आपल्या रस्त्यांच्या नकाशावर ठेवून पाहा, पण ते मोठ्या भूभागासाठी काढलेले आहेत. अमुक वळणावरचा कडा पडेल का, हे ते सांगणार नाहीत. त्यासाठी वरच्या बाजूला चढून भेगा, कललेली झाडं, अचानक फुटलेला झरा शोधावा लागतो.

सहावी पायरी: रस्ता उंच करणं हा शेवटचा पर्याय

ग्रामसभेत पहिली मागणी असते, ‘रस्तो वयर काडात’, म्हणजे रस्ता उंच करा. खाजन जमिनीच्या, म्हणजे भरतीचं पाणी बांधांनी अडवून राखलेल्या सखल शेतांच्या, गोव्यात ही मागणी जपून ऐकावी. खाजनातून भराव घालून नेलेला रस्ता म्हणजे नकळत बांधलेला बांध. एका बाजूला शेत बुडतं, दुसऱ्या बाजूला मिठागर सुकतं, आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत-बाहेर होणारं भरतीचं पाणी भलतीकडे जातं. मडगावच्या पश्चिम बगलरस्त्याच्या वेळी बाणावली परिसरातल्या लोकांनी भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता मागितला, तो साळ नदीच्या पाण्याच्या याच भीतीने.

पोर्तुगीज काळातलं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. पणजी-रायबंदरचा सेतुमार्ग सतराव्या शतकात खाजनातून बांधला तेव्हा खाली पाण्याला कमानी ठेवल्या. जवळपास चारशे वर्षं त्यावरून वाहतूक चालू आहे. त्यांच्याकडे संगणक नव्हता. भरतीचं पाणी कुठून जातं हे ठाऊक असलेली माणसं होती.

काही ठिकाणी तर पाण्याला रस्त्यावरून जाऊ देणं हाच शहाणा उपाय असतो. वर्षातून दोनदा चार-सहा तास पाणी येतं अशा सखल भागात शंभर-दोनशे मीटर काँक्रीटचा रस्ता, दोन्ही कडांना दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, पाण्याची खोली दाखवणारे रंगवलेले खांब आणि दोन्हीकडे अडथळे. पाणी उतरलं की झाडू मारून रस्ता चालू. तिथे डांबर घातलंत तर दर वर्षी घालत बसाल, कारण डांबराला पाण्याच्या वजनापेक्षा खालून भिजलेली माती खाते.

खाजनात काम करताना स्थानिक शेतकरी-कुळ संघटना आणि कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग यांना आराखड्याच्या टप्प्यावरच बोलवा, काम सुरू झाल्यावर नव्हे.

सातवी पायरी: हिशोब

इथे उदाहरणासाठी धरलेले आकडे घेतो. तुमचे तुम्ही मोजा.

एका रस्त्यावर दिवसाला 3000 वाहनं, बहुतेक दुचाकी. पाणी आलं की 18 किलोमीटरचा वळसा. सरासरी किलोमीटरला 6 रुपये खर्च धरला तर दिवसाला 3 लाख 24 हजार. वाहनामागे 1.6 माणसं, प्रत्येकाची 40 मिनिटं, तासाला 90 रुपये, म्हणजे आणखी 2 लाख 88 हजार. रस्ता एक दिवस बंद राहिला की समाजाचे 6 लाख 12 हजार जातात. वर्षाला सरासरी चार दिवस बंद आणि दुरुस्तीचे सरासरी 12 लाख धरले तर वार्षिक नुकसान सुमारे 36.5 लाख.

पर्याय ‘अ’: 1.2 किलोमीटर रस्ता दीड मीटर उंच करायचा. खर्च साडेतीन कोटी. बंद राहणं अर्ध्या दिवसावर, दुरुस्ती 3 लाखांवर, जादा देखभाल 3 लाख. वर्षाला निव्वळ फायदा 27.4 लाख. वीस वर्षांचा हा फायदा 12 टक्के व्याजदराने आजच्या किमतीत आणायला 7.47 ने गुणायचं. सुमारे 2 कोटी 5 लाख. साडेतीन कोटी घालून.

पर्याय ‘ब’: तीन पाईप-मोऱ्यांच्या जागी चौकोनी मोऱ्या, ओहोळापर्यंत गटार, सखल 200 मीटरला काँक्रीट. खर्च 90 लाख. बंद राहणं दीड दिवसावर, दुरुस्ती 4 लाखांवर, जादा देखभाल 2 लाख. वर्षाला फायदा 21.3 लाख, वीस वर्षांचा आजच्या किमतीत 1 कोटी 59 लाख. घातलेल्या रुपयामागे पावणेदोन रुपये परत.

व्याजदर 8 टक्के धरून पाहा, गुणक 9.82 होतो, ‘अ’ तरीही तोट्यात. पाऊस वाढून वर्षाला सहा दिवस रस्ता बंद राहू लागला असं धरून पाहा. 12 टक्के दराने ‘अ’ तेव्हाही खर्च भरून काढत नाही. आणि उरलेल्या दोन कोटी साठ लाखांत आणखी जवळपास तीन रस्त्यांना ‘ब’ मिळतो. जागतिक बँकेच्या 2019 च्या अभ्यासात विकसनशील देशांत पायाभूत सुविधा टिकाऊ करण्यावर घातलेल्या एका डॉलरमागे सरासरी चार डॉलर परत मिळतात असं निघालं होतं. ती सरासरी आहे. तुमची मोरी त्यात बसते की नाही, हे असा हिशोब केल्यावरच कळेल.

या गणिताची एक मोठी खोट आहे. जिथे वाहनं कमी तिथे फायदा कमी दिसतो. सत्तरीतल्या टोकाच्या वाडीला जाणाऱ्या साकवावरून दिवसाला साठ दुचाकी जात असतील तर गणित म्हणेल, सोडून द्या. म्हणून निधीची वाटणी आधीच दोन भागांत करा. एक भाग ‘पर्याय नाही’ शेऱ्याच्या दुव्यांना, तिथे निकष रुपयांचा नव्हे: किती माणसं, किती तास, रुग्णालयापासून तुटतात. दुसरा भाग रुपयांच्या हिशोबाने. मी साधारण 40-60 असं वाटप सुचवेन. काणकोण-सत्तरीसारख्या तालुक्यांत निम्मं-निम्मं.

आठवी पायरी: पैसा कुठून

आपत्तीनंतर मिळणारा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी मुख्यतः मदत आणि तातडीच्या दुरुस्तीसाठी असतो. त्यातून 600 चा पाईप वाहून गेला तर 600 चाच बसतो. मोठा बसवायचा तर वेगळं दार ठोठावावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्याच्या आपत्ती निधीचे 80 टक्के प्रतिसादाला आणि 20 टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांना, असे भाग केले. गोव्यासाठी केंद्राचा वाटा 75 आणि राज्याचा 25 टक्के. सौम्यीकरणाच्या या भागासाठी गटवार प्रस्ताव तयार ठेवा: ‘अमुक ओहोळावरच्या अकरा मोऱ्या’ असा एकत्र प्रस्ताव एकेका मोरीपेक्षा लवकर हलतो.

याशिवाय केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी, ग्रामीण रस्ते-पुलांसाठी नाबार्डचा 1995-96 पासूनचा ग्रामीण पायाभूत सुविधा निधी, 2020-21 पासून राज्यांना भांडवली कामांसाठी मिळणारं पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज, आणि खाणबाधित भागात जिल्हा खनिज प्रतिष्ठान. आणि सगळ्यांत दुर्लक्षित स्रोत: दर वर्षीचं हॉटमिक्सचं बजेट. ज्या रस्त्याची मोरी वहीत अपुरी किंवा बुजलेली म्हणून नोंदली आहे त्यावर मोरी होईपर्यंत डांबर पडणार नाही, असा ठराव ग्रामसभेने करून पाठवावा. नवा पैसा न मागता जुना पैसा योग्य जागी जातो.

नववी पायरी: कॅलेंडर आणि निविदा

गोव्यात काम करायला नोव्हेंबर ते मे हातात असतात. नोव्हेंबरात काम सुरू व्हायचं तर अंदाजपत्रक जुलैत, प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरी सप्टेंबरपर्यंत. म्हणजे यंदाच्या पावसात चालून केलेली वही पुढच्या हंगामाचं काम ठरवते. मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत मंजूर होऊन एप्रिलमध्ये खोदलेली मोरी आणि मृगाच्या पावसाने गाठलेला अर्धवट भराव, हे दृश्य कुठल्याही तालुक्याला नवीन नाही. मे 15 नंतर पाण्याच्या वाटेत नवं खोदकाम नाही, अशी अट निविदेतच टाका.

दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, महिन्यांत लिहू नका, पावसाळ्यांत लिहा. किमान तीन पावसाळे. मोरीच्या खालच्या बाजूचं पिचिंग आणि गाळ काढणं त्यात धरा. जलवाहिनी आणि केबलवाल्यांसाठी रस्ता करतानाच आडवे रिकामे पाईप टाकून ठेवले तर नव्या रस्त्याला पुढच्या वर्षी कुणी चर मारत नाही.

दहावी पायरी: मोडेल तेव्हा

कितीही घातलं तरी काही ना काही मोडणार. त्यासाठी एकूण गुंतवणुकीतले थोडे टक्के बाजूला काढा: तालुक्यात एका ठिकाणी सुटे भाग जोडून उभा करता येणारा पोलादी पूल, गॅबियनच्या, म्हणजे दगड भरून भिंत करायच्या, जाळ्या आणि दगड, मोठ्या व्यासाचे पाईप, झाडं कापायच्या करवती, पंप. जेसीबीवाल्यांशी दर आधीच ठरवून करार. एप्रिलमध्ये वीज आणि वन खात्याला बरोबर घेऊन रस्त्यावर झुकलेल्या फांद्यांची यादी. फेरीबोटीचा जुना धक्का वापरात नसला तरी पाडू नका. 1986 मध्ये काय कामाला आलं ते आठवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 क्रमांक प्रत्येक मोरीच्या क्रमांकाशेजारी रंगवला तर फोन करणारा ‘वडाकडेन उदक भरलां’ न म्हणता ‘मोरी क्रमांक 14’ म्हणेल, आणि जाणाऱ्याला वड शोधावा लागणार नाही.

पाऊस चालू असताना प्रत्येक बंद रस्त्यासाठी चारच गोष्टी लिहा: कधी बंद झाला, किती खोल पाणी, कधी उघडला, त्या दिवशी भरती किती वाजता होती. चवथीचा माटोळीचा बाजार उरकला की या नोंदी घेऊन बसा. ज्या मोरीसमोर दोन वर्षांत तीनदा नोंद आहे ती पुढच्या यादीत वर जाते. जिथे काम झालं तरी नोंद आली, तिथे आधी खालच्या बाजूला जाऊन बघा. बहुतेक वेळा कुणाची तरी नवी भिंत सापडते.